भिंतीपलीकडचा सिनेमा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ‘स्त्री २’ बघताना खूप हसले, पण रात्री घरी येताना जिन्यात एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर भुताखेतांना द्यावं लागतंय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी समीक्षक नाही. ठाण्यात नौपाड्याला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान सोमवारी बंद असतं, आणि माझा सोमवार गेली कित्येक वर्षं सिनेमाचा आहे. तिकीट काढून बघते आणि मनापासून वाटतं ते लिहिते.

‘स्त्री २’ला आम्ही घरचे सातजण गेलो होतो. हॉल दणाणून गेला होता. तुम्ही म्हणता भीती वाटली नाही. मग तुम्हाला भीती वाटते तरी कशाची? एखादा जुना चित्रपट सांगा, आम्ही बघतो आणि कळवतो. – एक वाचक, कोपरी

सांगते, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझं लहानपण ठाण्यातल्याच एका टॉकीजमागच्या चाळीत गेलं. टॉकीज आणि चाळ यांच्यामध्ये बोळ होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं, एवढाच. टॉकीजच्या भिंतीत वर पंख्यांची भोकं होती आणि रात्रीच्या शेवटच्या खेळाचा आवाज त्यातून थेट आमच्या खोलीत यायचा. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४चा. तो आमच्या टॉकीजला लागला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट, त्यामुळे आत जायला बंदी. ऐकायला कोण बंदी घालणार?

आई रात्री मशीनवर बसायची. पायमशीनची ती एकसुरी खडखड आणि भिंतीपलीकडून संवाद, गाणी, घोड्यांच्या टापा, सगळं मिसळून यायचं. साधारण पावणेअकराला एक दार करकरायचं. मग काहीच नाही. आई पाय थांबवायची. मशीनचं चाक अर्धा वेढा आपसूक फिरायचं आणि तेही थांबायचं. मी गोधडीत. आता किंकाळी येणार हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक असायचं, कारण काल आली होती, परवा आली होती. तरी त्या मधल्या वेळात माझ्या घशाला कोरड पडायची. किंकाळी आली की आई श्वास सोडायची, दोरा ओढून बघायची आणि मशीन परत सुरू. चित्रपट तीन आठवडे चालला, तीन आठवडे आमच्याकडे हेच.

पुढे चार-पाच वर्षांनी मामाकडे भाड्याने व्हिडिओ आणला होता, तेव्हा तो चित्रपट मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. त्यातला सैतान, सामरी, दिसला. अजय अग्रवाल नावाचा उंचपुरा नट, लाल डोळे, मोठा जबडा. त्या माणसाने काम चोख केलंय. पण आमच्या भिंतीपलीकडे जो होता त्याला तोंडच नव्हतं, आणि त्याची सर कुणालाच येणार नव्हती.

तर दादा, मला भीती वाटते ती दार करकरल्यानंतरच्या त्या वेळाची. ‘स्त्री २’मध्ये तो वेळ कुणी ठेवलेलाच नाही. सरकटा, म्हणजे त्यातलं मुंडकं नसलेलं भूत, यायच्या आधीच ढोल सुरू होतात, तो आला की त्याहून मोठे होतात, आणि तो गेला की लगेच विनोद. पंधरा ऑगस्ट २०२४ला आलेला हा चित्रपट एवढा चालला, लोकांनी पुन्हा पुन्हा बघितला, यात मला आनंदच आहे. राजकुमार राव आणि पंकज त्रिपाठी यांच्यासाठी मीही आणखी एकदा बघेन. पण २०१८चा पहिला ‘स्त्री’ मला जास्त जवळचा. चंदेरीची रिकामी गल्ली, भिंतीवर लिहिलेलं ‘ओ स्त्री कल आना’, आणि एकटा चालणारा पुरुष. त्या लिखाणामागे बेंगळुरूकडची गोष्ट आहे. तिकडे लोक दारावर ‘नाळे बा’ लिहायचे, म्हणजे ‘उद्या ये’. भुताने रोज यायचं, वाचायचं आणि परत जायचं. किती साधी कल्पना आहे आणि केवढी भीतीची! ती रोज येते, हे त्या दोन शब्दांत कबूलच केलंय.

आता जुना चित्रपट. ‘महल’ बघा, १९४९चा. कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, बॉम्बे टॉकीजचा. अशोककुमार वादळी रात्री एका ओसाड हवेलीत येतो आणि भिंतीवर त्याला स्वतःसारखाच दिसणाऱ्या माणसाची तसबीर सापडते. मग गाणं सुरू होतं, ‘आएगा आनेवाला’. त्याची सुरुवात नीट ऐका. आवाज लांबून येतो, जवळ येतो, आणि गाणारी दिसत नाही. लताबाईंनी स्वतः सांगितलंय की मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. म्हणजे ते अंतर यंत्राने आणलेलं नाही, एका विशीच्या मुलीने पावलांनी मोजलेलं आहे. रेकॉर्डवर तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, चित्रपटातल्या पात्राचं. लोकांनी चौकशी करून करून लता मंगेशकर हे नाव बाहेर काढलं. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले.

मधुबाला त्या वेळी सोळा वर्षांची होती. झोपाळ्यावर बसलेली ती दिसते आणि अशोककुमार पोचेपर्यंत झोपाळा रिकामा हलत असतो. तेवढंच. मी हा चित्रपट पाच वेळा पाहिलाय आणि झोपाळा हलताना पाचही वेळा अंगावर काटा आला. घरी बघाल तर रात्री बघा, दिवे घालवून, आणि मध्ये कुणी चहाला उठू नका. काय वाटलं ते जरूर कळवा.

रामसे बंधूंचे चित्रपट म्हणजे रबरी मुखवटे आणि लाल रंग. त्यांचं कौतुक आताच का सुरू झालंय? – एक वाचक, वाशी

मुखवटे रबरी होते, खरं आहे. कथाही एकीतून दुसरी काढल्यासारख्या. पण त्यांनी काय केलं ते बघा. वडील एफ. यू. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले, रेडिओची दुकानदारी करणारं घर. १९७०च्या सुमारास त्यांचा एक चित्रपट पडला. त्यात पृथ्वीराज कपूर सैतानी मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि पडलेल्या चित्रपटातला तेवढा प्रसंग बघायला लोक येत होते. हे मुलांच्या लक्षात आलं. सात भावांनी कामं वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा सांभाळायचे, किरण आवाज. १९७२चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला जाऊन मोजक्या माणसांत केला.

किरण रामसेंचं नाव मी मुद्दाम घेतलं. आमच्या बोळातून जे येत होतं ते त्यांचं काम होतं. माझं अर्ध लहानपण त्या माणसाने घाबरवलं आणि मला त्यांचं नाव कळायला पस्तीस वर्षं लागली. कौतुक उशिरा होतंय असंच मी म्हणेन.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. सुट्टीत येतो तेव्हा ‘मुंज्या’ लाव म्हणून हट्ट करतो. दाखवू का? सून नको म्हणते. – एक आजी, कळवा

आजी, या बाबतीत सुनेचं ऐका, निदान या वर्षी. ‘मुंज्या’ला यूए प्रमाणपत्र होतं, म्हणजे आईबापांच्या विचाराने. तेव्हा एवढंच सांगायचे. आता नव्या नियमांनी यूएचे तीन भाग केलेत, सात वर्षांवरच्यांसाठी, तेरावरच्यांसाठी आणि सोळावरच्यांसाठी. ते बरं झालं. चित्रपट लावण्याआधी तो आकडा बघायची सवय ठेवा.

माझं स्वतःचं सांगते. १९९३चा ‘झपाटलेला’ मी पुतण्याला दाखवला. पोरगं सहा वर्षांचं. लक्ष्याला बघून हसेल असं वाटलं होतं. रामदास पाध्येंनी घडवलेला तो बाहुला, तात्या विंचू, डोळे फिरवायला लागला तसं ते हसायचं थांबलं. पुढे दोन महिने त्याने घरातल्या एकाही बाहुलीला हात लावला नाही आणि झोपताना कपाटाचं दार बंद आहे ना ते मला तीनदा बघायला लावायचा. मला अजून त्याचं वाईट वाटतं. मुलाला भीती किती पेलते हे आपल्याला बाहेरून कळत नाही, ते हसत असतं तेव्हासुद्धा.

पण नातवाला गोष्ट मात्र सांगा. तुम्ही त्या पिढीच्या आहात, तुम्हाला येत असणार. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंजा होतो, पिंपळावर राहतो, ही गोष्ट कोकणात कुणीही सांगेल. ‘मुंज्या’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदारांनी तीच घेतली आणि समुद्रकाठच्या झाडावर नेऊन ठेवली. ‘लग्न लावून दे’ म्हणून मागे लागलेलं भूत. बायकांना त्यातलं खरं लगेच कळतं. नकार न ऐकणारा पुरुष म्हणजे काय, हे त्या चित्रपटाने मुलांनाही समजेल असं सांगितलंय. दोन-तीन वर्षांनी नातवाशेजारी बसून बघा, आणि मध्ये मध्ये बोलत राहा.

भुतं नेहमी पांढऱ्याच साडीत का? तुम्ही साड्यांच्या धंद्यातल्या, तुम्हीच सांगा. – एक वाचक, डोंबिवली

किती छान प्रश्न विचारलात! यावर मी बरेच दिवस विचार करतेय.

एक कारण साधं असावं असं मला वाटतं. ‘महल’, ‘बीस साल बाद’, ‘वो कौन थी’, सगळे कृष्णधवल चित्रपट. रात्रीच्या प्रसंगात अंधारातून एक बाई उठून दिसायला हवी तर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नाही. ‘वो कौन थी’ची सुरुवात आठवा, १९६४ची, राज खोसलांची. धो धो पाऊस, मनोजकुमार गाडी चालवतोय आणि रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना उभी. कापडाची माणूस म्हणून सांगते, एवढ्या पावसात भिजलेली पांढरी साडी अंगाला चिकटते आणि मळकट दिसते. ती मात्र उजळत राहते. तो उजेड कुठून येतोय हे कळत नाही, म्हणूनच ती माणूस वाटत नाही. पुढे रंगीत चित्रपट आले, गरज संपली, पण साडी राहिली.

आमच्या आजीच्या गोष्टीतली भुतं पांढरी नव्हती. आजी राजापूरकडची. तिची जखीण हिरव्या लुगड्यात यायची, कपाळभर कुंकू, हातात चुडा. सवाष्ण असताना जी बाई गेली ती जखीण, मग ती पांढरं कशाला नेसेल? बाळंतपणात गेलेली ती हडळ. आणि आपल्याकडे विधवेला नेसवत ते आलवण लाल असायचं. तेव्हा पांढरी साडी आपल्या घरातली नाहीच, ती आपल्याला पडद्याने दिली. मला वाटतं कुणीतरी मराठी दिग्दर्शकाने हिरव्या लुगड्यातली जखीण आणावी. हळदीकुंकवाला आलेल्या दहा बायकांत ती अकरावी बसलेली असेल आणि कुणाला कळणार नाही. लिहितानासुद्धा माझ्या पोटात गोळा आलाय.

तुम्ही डोंबिवलीचे, म्हणून जाता जाता. ‘झोंबिवली’ पाहिला नसेल तर पाहा, २०२२चा, सरपोतदारांचाच. टॉवरला पाणी आणि शेजारच्या वस्तीला नाही, हे दुखणं त्यात झोंबींच्या आधी येतं. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

वडील बहात्तर वर्षांचे. हौसेने ‘छावा’ला नेलं, तर आवाजाने त्यांचं डोकं उठलं. मध्यंतरात बाहेर जाऊन बसले. हल्ली सगळेच चित्रपट असे का? आवाज कमी करायला सांगता येतो का? – एक वाचक, वर्तकनगर

सांगता येतो, आणि सांगावा. गेल्या वर्षी ठाण्यातल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये माझ्याही कानात दडे बसले होते. मी उठून दाराशी उभ्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, वरूनच तसं असतं. मी म्हटलं, वर कोण आहे त्याला बोलाव. मॅनेजर आला, पाच मिनिटांत आवाज उतरला, आणि आजूबाजूची चार माणसं मला बरं केलंत म्हणाली. तीसुद्धा मघापासून कानात बोटं घालून बसली होती, पण उठलं कुणी नाही. वडिलांना पुढच्या वेळी मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधोमध बसवा, भिंतीच्या कडेची खुर्ची नको. खिशात थोडा कापूस ठेवा.

‘छावा’ मी फेब्रुवारी २०२५मध्ये पहिल्या सोमवारी पाहिला. शिवाजी सावंतांची कादंबरी मी दोनदा वाचलेली, त्यामुळे शेवट माहीत असूनही रडले. हॉलमध्ये घोषणा चालू होत्या. विकी कौशलने जीव ओतलाय. पण मला घरी येईपर्यंत आठवत राहिला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब, कारण सगळे ओरडत असताना हा एकटा हळू बोलतो. तो बोलायला लागला की हॉल पुढे झुकून ऐकायचा. डिसेंबरात ‘धुरंधर’मध्येही मी त्याचीच वाट बघत बसले. एवढी ताकद शांत बोलण्यात आहे हे आपले दिग्दर्शक दोनदा बघून चुकलेत, तरी बाकीचा वेळ ढोल का बडवतात, मला खरंच कळत नाही.

लांबीबद्दलही तेच. ‘पुष्पा २’ तीन तास वीस मिनिटांचा. तीन तास मी आनंदाने बसेन, साडेतीन तासही बसेन, पण त्यात मला श्वास घ्यायला कुठेतरी ओटा द्या. तुमच्या वडिलांना आवाजाने थकवा आला तेवढाच न थांबण्याने आला असणार.

‘तुंबाड’ मोबाइलवर अर्धा पाहिला, फार संथ वाटला. सगळे एवढं का नावाजतात? – एक वाचक, ऐरोली

मोबाइलवर पाहिलात म्हणून. रागावू नका, पण तो चित्रपट हातात मावणारा नाही.

२०१८च्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा दिवाळी तोंडावर, दुकानात डोकं वर काढायला फुरसत नव्हती, माझा राहिला. सप्टेंबर २०२४मध्ये परत लागला तेव्हा मी पहिल्याच सोमवारी गेले. आणि फक्त मीच नाही. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी त्याने जास्त पैसा केला, असं फार थोड्या चित्रपटांचं होतं. राही अनिल बर्वे यांनी वर्षानुवर्षं त्याच्या मागे घालवली. खऱ्या पावसाळ्यांत शूटिंग केलं. वाडा सासवडचा. कथेचं बीज नारायण धारपांच्या गोष्टीत. ज्यांनी धारप वाचले आहेत त्यांना ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतं. भूत येतं त्याच्याआधी माणसाचा लोभ येऊन बसलेला असतो.

तो पाऊस मला विसरता येत नाही. चित्रपटभर तो थांबत नाही. कौलांवरून, केसांतून, धोतराच्या सोग्यातून गळतो. मी खुर्चीत पदर घट्ट लपेटून बसले होते, गारठा वाजत होता म्हणून, आणि हॉलचा एसी त्या दिवशी नीट चालतही नव्हता. मग आत, विहिरीच्या तळाशी, सगळं लाल आणि ओलसर आणि अगदी चिडीचूप. चित्रपटाचा नायक विनायक कणकेची बाहुली काढून ठेवतो. कणीक कशासाठी, हे तोवर आपल्याला कळलेलं असतं. तो पिठाचं रिंगण घालतो, बसतो आणि वाट बघतो. तुम्हाला जे संथ वाटलं ते हेच असेल. मला विचाराल तर आमच्या पावणेअकराच्या दारानंतर पहिल्यांदा मला तो वेळ कुणी परत दिला. माझा हात शेजारच्या अनोळखी बाईच्या हातावर गेला, आणि तिने तो काढला नाही.

परत लागला तर मोठ्या पडद्यावर बघा. नाहीतर घरच्या टीव्हीवर, पावसाळ्यात, खिडकी उघडी ठेवून.

मी नववीत आहे. मित्र म्हणतात ‘एक्सॉर्सिस्ट’ बघून हसायला येतं. बघू का? – खारेगाव

अरे, तो ‘ए’ आहे, तेव्हा आत्ता नको. तुझे मित्र हसतात कारण त्यांनी मोबाइलवर मान फिरण्याचा तुकडा तेवढा बघितलाय. १९७३च्या त्या चित्रपटात निम्मा वेळ एक आई मुलीला घेऊन डॉक्टरांकडे खेटे घालते, तपासण्या करते, आणि काही निदान होत नाही. ती धास्ती अंगात मुरल्यावरच पुढचं सगळं येतं. शेवटी त्या खोलीत माणसांच्या तोंडातून वाफ निघते ना, ती खरी आहे. सेटवर मोठी थंड यंत्रं लावून खोली गोठवली होती. अठरा वर्षांचा झालास की सगळा, सलग बघ.

तोवर ‘बीस साल बाद’ बघ, १९६२चा. पैंजणांचा आवाज आणि दलदल, एवढ्यावर चाललाय. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार. त्यातल्या ‘कहीं दीप जले कहीं दिल’साठी लताबाईंना फिल्मफेअर मिळालं. मित्रांनाही बोलाव आणि कोण हसतं ते बघ.

मराठीत भयपट होतच नाहीत, ही माझी तक्रार तुम्ही मांडा. – एक वाचक, नेरूळ

कमी होतात ही तक्रार मांडते. होतच नाहीत हे मात्र मान्य नाही. ठाण्यात हिरानंदानी मेडोजला डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, तिथे जाताना मला नाटकांआधी ‘हा खेळ सावल्यांचा’ आठवतो. १९७६चा, आशा काळे आणि घाणेकर. ‘काजल रातीनं ओढून नेला’ हे गाणं चालू असताना आमच्या घरी आई स्वयंपाकघराचा दिवा लावून यायची.

जवळचं म्हणाल तर विशाल फुरियांचा ‘लपाछपी’, २०१७. उसाच्या फडात एकटं घर, गरोदर पूजा सावंत आणि मुलांचे आवाज. ऊस वाऱ्याने हलतो की आत कुणी चालतंय, हे सबंध चित्रपटभर कळत नाही. पुढे तोच हिंदीत ‘छोरी’ म्हणून आला. आपल्या टॉकीजला तो किती दिवस टिकला हे आठवलं की वाईट वाटतं. आपण तिकीट काढत नाही आणि मग होत नाहीत म्हणतो.

२०२५च्या सप्टेंबरातला ‘दशावतार’ भयपट नाही, पण बघा. रात्रभर चालणारा कोकणातला खेळ, रंगवलेले चेहरे, मागे जंगल, आणि एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर. तात्या विंचूही त्यांचाच, लक्षात आहे ना? एकच माणूस बत्तीस वर्षांपूर्वी आपल्या पोरांची बोबडी वळवतो आणि आज आपल्याला हुंदका आणतो.

मी घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा परदेशी. रात्री भयपट बघायची सवय लागलीय. आवडतात, पण संपल्यावर झोप येत नाही, लिफ्टचा आवाज आला तरी दचकते. बंद करू का बघणं? – एक वाचिका

अजिबात बंद करू नका, ताई. एकट्या बाईने संध्याकाळी बातम्या नाहीतर कीर्तन बघावं असं कुणी ठरवलं? तुम्हाला आवडतं ते बघा. फक्त रामगोपाल वर्मांचा ‘भूत’ तेवढा दिवसा बघा. २००३चा. अजय देवगण आणि ऊर्मिला मातोंडकर अशाच एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला येतात, आणि चित्रपटात गाणं नाही, म्हणजे मध्ये सुटकाच नाही. तो बघितल्यावर मी तीन मजले जिन्याने चढले होते.

मी काय करते ते सांगते, उपयोग झाला तर बघा. चित्रपट रात्री साडेनऊनंतर सुरू करत नाही. संपल्यावर लगेच दिवे लावत नाही, कारण दिवा लावला की उरलेला अंधार जास्त काळा दिसतो. नावं पडद्यावरून पूर्ण जाऊ देते, कॅमेरा कुणाचा, आवाज कुणाचा, मेकअप कुणी केला, एकेक नाव वाचते. एवढी माणसं त्या खोलीत उभी होती हे कळलं की खोली जरा भरल्यासारखी वाटते. मग हाताला काम घेते. आईची पायमशीन मी विकलेली नाही. दुकानात विजेची आहे, घरी तीच. एखाद्या साडीचा फॉल अर्धा ठेवलेला असतो, तो लावायला बसते. खडखड सुरू झाली की लिफ्टचा आवाज त्यात बुडतो.

तुम्हीही असं काहीतरी हाताशी ठेवा, विणकाम, शेंगा सोलणं, काहीही, पण आवाज होईल असं असलं तर उत्तम. आणि ते चित्रपट सुरू करण्याआधीच टेबलावर काढून ठेवा. मी बॉबिनसुद्धा आधीच भरून ठेवते, रात्री बाराला दोरा शोधायला आतल्या खोलीत जावं लागू नये म्हणून.